शिवारातली गाडी घेताना: आधी वाट मोजा, मग गिअर, पाटे आणि इंजिन ठरवा



आपल्या वणी भागात ऑगस्टपासून टोमॅटोची खुडणी सुरू होते. माल तयार असतो, पिंपळगाव बसवंतच्या बाजारात लिलाव चालू असतो, पण शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा अर्धा-पाऊण किलोमीटर चिखलाचा असतो. गाडी तिथेच रुतते. मग ट्रॅक्टर बोलवा, साखळी लावा, जाळ्या उतरवा, पुन्हा भरा. या सगळ्यात दोन तास जातात, माल दबतो आणि लिलावाची वेळ टळते. म्हणून बरेच शेतकरी आता स्वतःची गाडी घेण्याचा विचार करतात, आणि तीही चिखलात, चढावर चालणारी.

गाडी ही लाखांच्या घरातली खरेदी आहे. बहुतेकांना तिच्यासाठी कर्ज काढावे लागते आणि त्याचे हप्ते चार-पाच वर्षे चालतात. एवढा पैसा घालताना आपण काय विचारतो? "किती हॉर्सपॉवरची आहे?" आणि "शेजाऱ्याने कोणती घेतली?" हे दोन्ही प्रश्न चुकीचे नाहीत, पण ते शेवटी विचारायचे आहेत. आज आपण गाडीचे गिअर, पाटे आणि इंजिन कोणत्या क्रमाने आणि कसे निवडावे, याचा विचार करू. सांगायचे ते एवढेच की, आधी आपली वाट मोजा, मग ओझे मोजा, आणि त्यावरून गाडी ठरवा.

वाट कशी मोजावी

बैलगाडी भरताना आपले वडीलधारे काय बघत होते? वाटेत चढ किती, ओढ्यात गाळ किती, बैल कसे आहेत. चढ मोठा असेल तर ते पुढे दुसरी जोडी लावत किंवा गाडी अर्धी भरत. मोटारीलाही हाच नियम लागू आहे.

चढ मोजायला मोठे साधन लागत नाही. १० फूट लांबीचा सरळ बांबू किंवा लोखंडी नळी घ्या. चढाच्या जागी तिचे वरचे टोक जमिनीला टेकवा आणि खालचे टोक उचलून नळी आडवी, पाणसळीत धरा. गवंड्याची लेव्हल असेल तर उत्तमच. आता खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. ते १ फूट भरले तर चढ दहास एक आहे. सव्वा फूट भरले तर आठास एक. दोन फूट भरले तर पाचास एक, आणि हा चढ भरल्या गाडीसाठी फार झाला.

दुसरी गोष्ट चिखलाची. हे माप भर पावसाळ्यात घ्यायचे, मे महिन्यात नव्हे. चाकोरीत काठी रोवून बघा. वरचा थर मऊ असून खाली चार बोटांवर कठीण मुरूम लागत असेल तर वाट बरी आहे. काठी वीतभर सहज जात असेल तर ती काळ्या मातीची खोल वाट आहे. दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा जमिनीपासून किती वर आला आहे तेही मोजा. गाडीच्या मागच्या ॲक्सलच्या मधोमध जो गोळा असतो, तो त्या उंचवट्याला टेकला की चाके नुसती फिरतात. गाडी बघायला जाल तेव्हा खाली वाकून त्या गोळ्याची जमिनीपासूनची उंची टेपने मोजा. पुस्तिकेत लिहिलेली उंची बहुधा रिकाम्या गाडीची असते. भरल्यावर गाडी काही इंच खाली बसते, हे विसरू नका.

तिसरी गोष्ट, कोणत्या महिन्यात किती माल निघतो ते कागदावर लिहा. निवड बरीचशी इथेच ठरते, आणि ती कशी हे पुढे हिशेबातून दिसेल.

ओढ आणि पकड: दोन वेगळ्या गोष्टी

गाडी चढावर अडते तेव्हा दोनपैकी एक घडलेले असते. एक तर इंजिन दम सोडते, गाडी बंद पडते किंवा क्लच जळल्याचा वास येतो. म्हणजे ओढ कमी पडली. नाहीतर इंजिन जोरात चालते, चाक गरगर फिरते आणि गाडी जागेवरच. म्हणजे पकड कमी पडली. ओढ कमी पडली तर उपाय गिअरमध्ये आहे. पकड कमी पडली तर उपाय चार चाकांत आणि टायरमध्ये आहे. या दोन दुखण्यांना एकच औषध चालत नाही.

एक हिशेब करून पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. आपापल्या गाडीचे आकडे घालून तो घरीही करता येईल.

समजा, गाडीचे वजन १७०० किलो आहे आणि तीत ५० जाळ्या टोमॅटो आहेत. जाळीसकट एकीचे २२ किलो धरले तर माल ११०० किलो झाला. एकूण वजन २८०० किलो. चढ आठास एक. म्हणजे नुसत्या चढासाठी वजनाचा आठवा भाग, ३५० किलोची ओढ लागेल. शिवाय चिखल चाकाला धरतो. डांबरी रस्त्यावर ही धर वजनाच्या शेकडा एक-दीड टक्काच असते, पण मऊ चिखलात ती १० ते १५ टक्क्यांपर्यंत जाते. १२ टक्के धरू. २८०० किलोवर ते झाले ३३६ किलो. म्हणजे गाडी हलायला सुमारे ६९० किलोची ओढ हवी.

आता गाडी किती ओढ देते ते बघा. इंजिनाचा चाक फिरवण्याचा जो जोर असतो त्याला टॉर्क म्हणतात. समजा तो २० किलोग्रॅम-मीटर आहे. पहिला गिअर ४ पट आणि मागच्या गोळ्यातला गिअर ४ पट, म्हणजे एकूण १६ पट. त्यातून घर्षणात १५ टक्के गेले. टायरची त्रिज्या ३४ सेंटीमीटर. या हिशेबाने चाकाच्या कडेला साधारण ८०० किलोची ओढ मिळते. लागते ६९०, मिळते ८००. वरवर पाहता काम भागले.

पण इथेच मेख आहे. २० हा टॉर्क इंजिनाला त्याच्या उत्तम वेगात मिळतो. आजची टर्बो असलेली डिझेल इंजिने मिनिटाला दीड-दोन हजार फेऱ्यांच्या आसपास पूर्ण जोर धरतात. उभ्या चढावर थांबलेली भरली गाडी उचलताना इंजिन हजार-अकराशे फेऱ्यांवर असते. तिथे टॉर्क १२ धरला तर ओढ उरते ४८० किलो. लागते ६९०. मग चालक इंजिनाची गर्जना करतो, क्लच अर्धा दाबून धरतो आणि क्लचप्लेट जळते. दोष चालकाला लागतो, पण खोट गिअरच्या निवडीत असते.

पहिली निवड: गिअर

यावर उपाय म्हणजे लो गिअरचा दांडा. ट्रॅक्टरवर हाय आणि लो असा दांडा असतो, तो आपल्या चांगला ओळखीचा आहे. रोटाव्हेटर चालवताना लो आणि रस्त्यावर ट्रॉली ओढताना हाय. डोंगरी वापराच्या मोटारीतही असाच दांडा किंवा खटका असतो. लो टाकला की सगळे गिअर साधारण दोन ते अडीच पट जड होतात. वरच्या हिशेबात अडीच पट धरले तर कमी फेऱ्यांवरची ४८० किलोची ओढ १२०० होते. इंजिन तेच, डिझेल तेच, फक्त दातांचा हिशेब बदलला.

हेच काम मोठ्या इंजिनाने करायचे म्हटले तर काय होईल? दीडपट टॉर्कचे इंजिन घेतले तर ४८० चे ७२० होतील, म्हणजे जेमतेम पार. त्यासाठी किंमत जास्त, वजन जास्त आणि रोजचे डिझेलही जास्त. म्हणून म्हणतो, ओढ हवी असेल तर आधी गिअर बघा, इंजिन नंतर.

याचा जुना दाखला म्हणजे जीप. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचे इंजिन ६० हॉर्सपॉवरचे होते. आजच्या साध्या घरगुती मोटारीतही याहून जास्त ताकद असते. पण तिच्या पहिल्या गिअरमध्ये लो टाकले की इंजिनाच्या पंचविसाहून अधिक फेऱ्यांना चाकाचा एक फेरा होई. म्हणून ती डोंगर चढे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मुंबईत अशा जीप जोडायला सुरुवात झाली आणि पुढे त्या खेड्यापाड्यांत पोचल्या. १९८५ मध्ये आलेल्या जिप्सीचे पहिले पेट्रोल इंजिन तर एका लिटरपेक्षाही थोडे लहान होते. तरी लो गिअर, चारही चाकांना जोर आणि हलके वजन यांच्या बळावर ती लष्करानेही पुष्कळ वापरली.

लो गिअरचा दुसरा फायदा वेगाचा आहे. वरच्या उदाहरणातली गाडी नुसत्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या दोन हजार फेऱ्यांवर ताशी १६ किलोमीटर धावते. खड्ड्याखुड्ड्यांच्या वाटेवर भरल्या जाळ्यांसाठी हा वेग फार झाला. लो टाकल्यावर त्याच फेऱ्यांवर ती ताशी साडेसहा किलोमीटर चालते, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाएवढी. क्लच न दाबता, न धक्का देता, माल सांभाळत बाहेर येता येते.

आणखी एक सूचना. गाडी उंच आणि रुबाबदार दिसावी म्हणून काही जण मोठे टायर बसवतात. टायर एक दशांशाने मोठा केला की ओढ जवळजवळ तेवढीच कमी होते, ब्रेकवर भार वाढतो आणि वेगाचा काटाही कमी वेग दाखवू लागतो. म्हणजे पैसे देऊन आपण गिअर बिघडवून घेतो. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत हवे तसे बदल करता येत नाहीत. अपघात झाला तर विम्याच्या वेळी हाच मुद्दा आडवा येतो.

चार चाकांना जोर केव्हा हवा?

आता पकडीचा हिशेब. आपल्या भरल्या गाडीचे २८०० पैकी समजा १८०० किलो मागच्या चाकांवर आहेत. निसरड्या चिखलात टायरला वजनाच्या साधारण तीन दशांश पकड मिळते असे धरू. १८०० वर ती ५४० किलो झाली. लागते ६९०. म्हणजे ओढ कितीही असो, मागची चाके जागेवर फिरणार. जोर चारही चाकांना मिळाला तर पूर्ण २८०० किलोवर पकड मिळते, ती ८४० किलो. गाडी निघेल.

रिकाम्या गाडीचे तर आणखी नवल. माल नसताना मागच्या चाकांवर जेमतेम ७०० किलो असतात. पकड २१० किलो. तोच चढ, तोच चिखल चढायला रिकाम्या गाडीलाही ४१५ किलोच्या आसपास ओढ लागते. म्हणजे चढावरच्या मळ्यात माल आणायला निघालेली रिकामी पिकअप भरल्या गाडीच्याही आधी रुतते. हा अनुभव पुष्कळांना आहे, आणि त्याचे कारण हे असे आहे.

हाच हिशेब फेब्रुवारीत करा. वाट वाळलेली, मुरूम कठीण. चाकाची धर शेकडा ४ टक्के आणि पकड वजनाच्या सहा दशांश. भरल्या गाडीला लागतात सुमारे ४६० किलो आणि नुसत्या मागच्या चाकांची पकड १०८० किलो. चार चाकांना जोर देण्याची गरजच नाही.

यावरून काय ठरते? ज्यांचे मुख्य पीक द्राक्ष आहे आणि माल जानेवारी ते एप्रिल या कोरड्या महिन्यांत निघतो, त्यांचे साध्या दोन चाकांच्या जोराच्या पिकअपवर भागते. छाटणीनंतरच्या पावसाळी दिवसांत फवारणीचे पाणी आणि औषध न्यायला छोटा ट्रॅक्टर असतोच. ज्यांचा टोमॅटो, मिरची, भाजीपाला ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये निघतो आणि ज्यांची वाट चढाची व काळ्या मातीची आहे, त्यांनी चार चाकांच्या जोराचा विचार जरूर करावा. वणीच्या पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला ज्यांची भातखाचरे आणि नागलीची वरकस जमीन आहे, त्यांनाही हेच लागू आहे.

चार चाकांचा जोर ज्या गाडीत हवा तेव्हाच जोडायचा असतो, तिच्यात तो डांबरी रस्त्यावर ठेवू नका. वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात. चिखलात टायर थोडे घसरून तो फरक भरून काढतात, डांबरावर ते घसरत नाहीत. मग सगळा पीळ गिअरच्या दातांवर आणि शाफ्टवर येतो. वाट संपली, डांबर लागले की दांडा परत घ्या.

आणि एक गोष्ट खरेदीच्या आधी मनाशी नक्की करा. तुमची वाट फक्त शंभर-दोनशे मीटरच खराब असेल, तर जास्तीची रक्कम गाडीत घालण्याऐवजी वाटेत घालणे फायद्याचे ठरते. बाजूने चर काढून पाणी वळवा, खाली दगडाचे सोलिंग आणि वर मुरूम टाका. वाट सुधारली तर शेजारच्या चार जणांचाही माल निघतो, मग खर्चही वाटून घेता येतो. पाणंद रस्त्यांसाठी राज्य शासनाने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना आणली होती. आज आपल्या गावाला कोणती योजना लागू आहे, हे ग्रामपंचायतीत विचारा. गाडी दरवर्षी जुनी होते. बांधलेली वाट पुढच्या पिढीलाही उपयोगी पडते.

दुसरी निवड: पाटे की स्प्रिंगा

गाडीचे वजन चाकांवर तोलून धरण्याचे काम पाटे किंवा गुंडाळीच्या स्प्रिंगा करतात. मागे पाट्यांची कमान असलेली गाडी ओझ्यासाठी असते. पाटा तुटला तर तो तालुक्याच्या गावी, पुष्कळदा आपल्या गावातही बदलून मिळतो. गुंडाळीच्या स्प्रिंगांची गाडी आरामशीर असते आणि उंचसखल जागी चाक जमिनीला धरून ठेवते, पण ती मुख्यतः माणसे नेण्यासाठी असते. उदाहरण द्यायचे तर, आपल्या नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी, २०२० साली आलेली नवी थार पुढेमागे गुंडाळीच्या स्प्रिंगांवर आहे. डोंगरात ती चांगली चालते, म्हणून तीत ५० जाळ्या भरता येतील असे नाही. माल नेणाऱ्याने मागे पाटेच असलेली गाडी बघावी.

पाट्यांची खोड एकच. ते पूर्ण ओझ्यासाठी बनवलेले असतात, म्हणून रिकामी किंवा पाव भरलेली गाडी टणाटण उडते. पहिल्या खुडणीत १०-१२ जाळ्याच निघतात, तेव्हा माल सर्वांत जास्त दबतो. वरून टोमॅटो चांगला दिसतो, पण बाजारात पोचेपर्यंत सालीखाली डाग धरतो. द्राक्षाचे तर मणी गळतात. म्हणून ज्या गाडीत मुख्य पाटे थोडे मऊ आणि त्यांच्यासोबत एक मदतीचा जाड पाटा असतो, ती पसंत करा. ओझे कमी असताना मदतीचा पाटा मोकळा राहतो, पूर्ण भरल्यावर तो टेकून भार उचलतो. थोडा माल असेल तेव्हा जाळ्या मागच्या टोकाला न ठेवता केबिनच्या बाजूला रचा, दोरीने आवळा आणि हौद्यात खाली भाताचा पेंढा किंवा जुने गोणपाट टाका. टायरमधील हवा कंपनीने रिकाम्या आणि भरल्या गाडीसाठी वेगवेगळी सांगितलेली असते. त्याप्रमाणे ठेवा.

आता एक इशारा. "दोन पाटे वाढवून द्या" असे सांगून जास्त माल भरण्याची पद्धत पडली आहे. पाटे वाढवले म्हणजे फक्त पाटे मजबूत होतात. ॲक्सल तोच राहतो, चेसिस तीच, टायर तेच आणि ब्रेकही तेच. बाराशे किलोसाठी बनवलेला ब्रेक दोन हजार किलो उतारावर कसा धरणार? गाडीच्या नोंदणी पुस्तकात जितके वजन लिहिले आहे तितकेच भरा.

पुढच्या चाकांचेही दोन प्रकार आहेत. एकात दोन्ही चाके एकाच आडव्या ॲक्सलवर असतात. दुसऱ्यात प्रत्येक चाक स्वतंत्र वरखाली होते. स्वतंत्र चाकांची गाडी रस्त्यावर हाताला हलकी लागते आणि माणसाला धक्के कमी देते. आडव्या ॲक्सलची गाडी दगडधोंड्यांत टिकाऊ असते, पण रस्त्यावर जड वाटते. रोजचे तीस-चाळीस किलोमीटर डांबरावर आणि एक किलोमीटर शिवारात, असे आपले गणित असेल तर पुढे स्वतंत्र चाके आणि मागे पाटे ही जोडी सोयीची.

तिसरी निवड: इंजिन

इंजिन निवडताना हॉर्सपॉवरचा आकडा एकटा वाचू नका. हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क आणि वेग यांचा गुणाकार. खूप वेगात फिरून मोठा आकडा देणारे इंजिन चढावर कामाला येत नाही. पुस्तिकेत टॉर्क किती आणि तो किती फेऱ्यांवर मिळतो हे लिहिलेले असते. कमी फेऱ्यांपासून जोर धरणारे इंजिन आपल्याला हवे.

ओझ्याच्या कामाला डिझेल इंजिन सोयीचे. पण आजच्या डिझेल इंजिनाची एक गोष्ट लक्षात घ्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले, तेव्हापासून नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी असते. ती काजळी जळून जाण्यासाठी नळी चांगली तापावी लागते, आणि त्यासाठी गाडी मधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. घर ते मळा, मळा ते घर अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्याच रोज होत असतील तर ही जाळी तुंबते, दिवा लागतो आणि इंजिनाचा जोर कमी होतो. तेव्हा आठवड्यातून एकदोनदा तरी गाडी बाजारापर्यंत चांगली चालवून आणा. दिवा लागला तर तो तसाच ठेवून पुढे चालवू नका. पुस्तिकेत दिलेली रीत पाळा.

डिझेल नेहमी चांगल्या पंपावरूनच भरा. पिंपात साठवलेले, पाणी उतरलेले डिझेल जुन्या इंजिनाने सहन केले असेल, नव्या इंजिनाचे बारीक छिद्रांचे इंजेक्टर ते सहन करत नाहीत, आणि त्यांची दुरुस्ती महाग पडते. मळ्याच्या धुळीत हवेचा फिल्टर लवकर भरतो. तो कंपनीच्या मुदतीची वाट न बघता खुडणीच्या दिवसांत वरचेवर बघावा.

रोजची धाव थोडी, ओझे हलके आणि चढ कमी असेल तर पेट्रोल इंजिन वाईट नाही. त्याला काजळीच्या जाळीचा हा त्रास नसतो. सीएनजीवर खर्च कमी येतो, पण त्याच इंजिनाची ताकद पेट्रोलपेक्षा थोडी घटते आणि टाकीचे वजन व जागा लागते. सपाट रस्त्याने बाजार गाठणाऱ्यांना ते चालेल. डोंगराच्या अंगाला राहणाऱ्यांनी भरल्या गाडीत चढ चढून पाहिल्याशिवाय ठरवू नये.

उताराचा विचार चढाइतकाच करा

आपल्याकडे नांदुरीहून सप्तशृंगगडावर जाणारा घाट आहे, मुळाणे बारी आहे. चढ चढता आला नाही तर गाडी फार तर थांबते. उतार धरता आला नाही तर माणसे जातात. म्हणून सांगतो, ज्या गिअरमध्ये चढ चढाल त्याच गिअरमध्ये तो उतरा. इंजिनच गाडीला धरून ठेवते आणि ब्रेक थंड राहतात. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून उतार उतरू नका. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार दाबांतच संपते, पेडल दगडासारखे कठीण होते आणि सुकाणूही जड होते. आजच्या इंजिनांत गिअरमध्ये राहून पाय उचलला की तेवढा वेळ डिझेल बंदच होते. म्हणजे न्यूट्रलमध्ये वाचत काहीच नाही.

तसेच मालाच्या गाडीत खुडणीचे मजूर किंवा यात्रेची मंडळी भरून नेऊ नका. ते कायद्यात बसत नाही, आणि काही झाले तर विम्याची भरपाई मिळताना अडचण येते. हौद्यात उभ्या माणसांचे वजन वळणावर एका बाजूला सरकते आणि उंच गाडी कलंडायला तेवढे कारण पुरते. आपल्याकडे खुडणीला येणाऱ्या बहुतेक आया-बहिणी असतात. त्यांच्या जिवाची जबाबदारी गाडीवाल्यावर आहे.

पैसे देण्यापूर्वी

१. चढ, चिखल आणि चाकोरीतील उंचवटा मोजून कागदावर लिहा.

२. महिनावार माल लिहा. पावसाळ्यात जास्तीत जास्त किती जाळ्या एका खेपेला न्यायच्या ते ठरवा.

३. गाडी दुकानासमोरच्या डांबरावर चालवून समाधान मानू नका. विक्रेत्याला आपल्या वाटेवर गाडी आणायला सांगा. ओझे भरा, चढाच्या मध्यावर थांबा आणि तिथून पुन्हा उचलून बघा. क्लच न जळता गाडी उचलली तर गिअर बरोबर.

४. तोच चढ ब्रेकला पाय न लावता पहिल्या गिअरमध्ये उतरून बघा.

५. पाटे, क्लचप्लेट, फिल्टर वणी, दिंडोरी किंवा पिंपळगावात मिळतात का, आणि काम करणारा मेस्त्री जवळ आहे का, याची चौकशी करा. खुडणीच्या दिवसांत चार दिवस उभी राहणारी गाडी फुकट मिळाली तरी महाग आहे.

६. जुनी गाडी घेत असाल तर खाली वाकून पाट्यांना तडा आहे का, पाट्यांचे यू-बोल्ट ढिले आहेत का, चेसिसवर वेल्डिंग केले आहे का ते बघा. लो गिअर टाकून गाडी पाच मिनिटे चालवा. वर्षानुवर्षे न वापरलेला लो दांडा पुष्कळदा गंजून अडकलेला असतो.

७. वर्षात चार चाकांची गरज किती दिवस पडते ते मोजा. दहा-पंधरा दिवसच पडत असेल तर तेवढे दिवस ट्रॅक्टरने जाळ्या डांबरापर्यंत आणून तिथे साधी पिकअप भरणे स्वस्त पडते.

बंधू-भगिनींनो, शेतात बी पेरण्याआधी आपण जमीन बघतो, पाणी बघतो आणि मग वाण ठरवतो. गाडीचेही तसेच आहे. आपल्या वाटेला आणि आपल्या ओझ्याला जी गाडी जुळते तीच आपली. हे पत्रक जपून ठेवा, येत्या पावसात १० फुटांचा बांबू घेऊन एकदा आपली वाट मोजा, आणि मगच विक्रेत्याकडे जा.

नमस्कार.